धुराच्या वाटेवरची लाट

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचा ठोका ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांनी या लेखाचा निम्मा विषय आधीच ऐकलेला आहे. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा धूर सोडतं. किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा ठोके. चार सिलिंडरची जीप 3000 फेऱ्यांवर पळते तेव्हा सेकंदाला शंभर ठोके पडतात. कानाला ते सुटे करता येत नाहीत, एकसलग घरघर ऐकू येते. नळीच्या आत मात्र त्या शंभरांतला प्रत्येक ठोका वेगळा असतो. प्रत्येकाला सुरुवात असते, शेवट असतो आणि परतीचा प्रवासही असतो. हा परतीचा प्रवास मला पहिल्यांदा समजला तेव्हापासून इंजिनाच्या कडेला लटकलेल्या त्या गंजक्या, वाकड्यातिकड्या तुकड्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो.

तो तुकडा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा धूर गोळा करून एका नळीत, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग. कारखान्यातून येतो तो बहुधा बिडाचा, आखूड आणि जड असतो. हौशी लोक त्याच्या जागी लांब, सारख्या लांबीच्या सुट्या नळ्यांचा जुडगा बसवतात. त्याला हेडर म्हणतात. गाडीत दुसरंच इंजिन बसवायची वेळ आली, की या दोहोंपैकी काय घ्यायचं, कुठून घ्यायचं आणि त्यावर किती पैसे घालायचे, हा प्रश्न हमखास उभा राहतो.

आपल्याकडे, लोणी भापकरच्या बाजूला, तो प्रश्न जुना आहे. लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातलं, मोरगावच्या बाजूचं गाव. या पट्ट्यात गाडी म्हणजे ट्रॅक्टर, पिकअप, आणि ज्यांनी जपली त्यांच्या दारात जुनी जीप. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे ज्या जीपा गावोगाव पोचल्या त्यांतल्या कितीतरी गाड्यांत हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन होतं. दमदार, पण तहानलेलं. पेट्रोल परवडेना तसं लोकांनी ते उतरवलं आणि डिझेल इंजिन चढवलं. कुणी महिंद्राचंच, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचं घेतलं, तर कुणी मॅटाडोरचं. मॅटाडोर बनायची आकुर्डीला, बजाज टेम्पोच्या कारखान्यात. तिला पुढच्या काळात मिळालेलं 2.4 लिटरचं ओएम 616 हे मूळचं मर्सिडीजचं इंजिन. 1973 साली मर्सिडीजच्या 240 डी या मोटारीत आलेलं हे इंजिन पुढे आपल्याकडे टेम्पो ट्रॅक्सच्या बॉनेटखाली बसून वडाप करत फिरलं!

इंजिन चढवलं, गिअरबॉक्सशी जुळवलं, रेडिएटर बसला. मग शेवटी कुणीतरी विचारतं, "मेस्त्री, धुराचं काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला आधी त्या नळीत काय घडतं ते पाहिलं पाहिजे.

पिस्टन जळत्या वायूच्या दाबानं खाली येत असतो. तो तळाला पोचायच्या आधीच, क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, साधारण 50-60 अंश शिल्लक असताना, धुराचा वाल्व्ह उघडतो. सिलिंडरमध्ये तेव्हा बाहेरच्या हवेच्या काही पट दाब उरलेला असतो. हा दाब एकदम सुटतो आणि नळीत दोन गोष्टी एकाच वेळी निघतात. पहिली म्हणजे खुद्द धूर. दुसरी म्हणजे दाबाची लाट, आणि ती धुराच्या कितीतरी पुढे धावते. लाट आवाजाच्या वेगानं जाते, आणि तापलेल्या वायूत आवाजाचा वेग वाढतो. बाहेर हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर, तर 500-550 अंश सेल्सिअस तापलेल्या धुरात सुमारे 550 मीटर.

आता खरी गंमत. ही लाट नळीच्या उघड्या टोकाला पोचली की संपत नाही. ती उलटी होऊन परत फिरते. दाबाची लाट गेली की ओढीची लाट येते. बासरीच्या उघड्या टोकाशीही हवेची लाट अशीच मागे फिरते. तिथे तिचा सूर होतो. हेडरच्या चार नळ्या जिथे एका मोठ्या नळीत मिळतात, तिथेही लाटेला अचानक मोकळी जागा दिसते आणि तिचा काही भाग ओढ बनून सिलिंडरकडे परततो. तोवर पिस्टन वर आलेला असेल, धुराचा वाल्व्ह मिटत असेल आणि ताज्या हवेचा वाल्व्ह नुकताच किलकिला झाला असेल, तर ती ओढ कोपऱ्यात राहिलेला धूर खेचून बाहेर काढते आणि तिच्यामागोमाग ताजी हवा आत येते. एकही फिरता भाग न लावता, केवळ नळीच्या लांबीनं इंजिनाचा श्वास मोठा होतो. माणसानं बनवलेल्या यंत्रांत इतकी फुकटची मदत फार थोड्या ठिकाणी मिळते.

मदत फुकटची असली तरी तिची वेळ ठरलेली असते. 80 सेंटीमीटरची नळी घ्या. जाऊन येऊन 160 सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाच्या हजारातले साधारण तीन भाग. इंजिन 6000 फेऱ्यांवर असेल तर एक फेरा दहा भागांत पुरा होतो, म्हणजे लाट परत येईतो क्रँक शंभरेक अंश फिरलेली असते. लाट लांबट असते, तिची ओढ त्यापुढेही टिकते, आणि वाल्व्ह मिटायच्या सुमारास ती उपयोगी पडते. हेच इंजिन 2000 फेऱ्यांवर चालवा. आता एका फेऱ्याला तीस भाग लागतात. लाट गेली तशी तीन भागांत परत आली, पण क्रँक जेमतेम 35 अंश फिरली आहे. पिस्टन अजून खालीच जातो आहे, वाल्व्ह पुरता उघडलासुद्धा नाही. ओढ आली आणि वाया गेली. 2000 फेऱ्यांवर तोच मेळ साधायचा तर नळी तिप्पट, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर लांब हवी, आणि अशा चार नळ्या हव्यात. जीपमध्ये त्या मागच्या बाकापर्यंत जातील.

ज्या इंजिनाला जोरात फिरायचं असतं त्यालाच हेडर पावतो, हा निकाल या साध्या हिशेबातून निघतो.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत ही लाट आणखी पुढे जाते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा वाल्टर काडेन हा इंजिनिअर 1950 च्या दशकात शर्यतीच्या मोटरसायकलींवर काम करत होता. त्यानं धुराच्या नळीला मध्ये फुगवटा दिला आणि पुढे ती पुन्हा निमुळती केली. रुंदावणारा भाग ओढ परत पाठवतो. त्यानं सिलिंडर रिकामा होतो. निमुळता भाग दाब परत पाठवतो. त्यानं नळीत निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकललं जातं. 1961 पर्यंत 125 सीसीच्या इंजिनातून त्यानं सुमारे 25 अश्वशक्ती काढली होती. त्याच विद्येचा घरगुती अवतार म्हणजे यामाहा आरएक्स 100 चा सायलेन्सर. ही गाडी आपल्या रस्त्यांवर 1985 ते 1996 या काळात आली आणि तिचा आवाज अजून लोकांच्या तोंडी आहे. आवाज वाढवायचा म्हणून जे तिचा सायलेन्सर कापतात, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्या पत्र्याच्या पोटात शक्ती तयार होत होती.

परत जीपकडे. चार सिलिंडरच्या इंजिनात पेट घेण्याचा क्रम बहुधा 1-3-4-2 असतो. दर अर्ध्या फेऱ्याला कुणीतरी धूर सोडतं. पण धुराचा वाल्व्ह अर्ध्या फेऱ्याहून जास्त वेळ उघडा राहतो. म्हणजे एक नंबरचा वाल्व्ह मिटायच्या आत तीन नंबरचा स्फोटक दाब नळीत शिरतो. मॅनिफोल्ड आखूड आणि सामाईक असेल, तर तो दाब एक नंबरच्या दारात जाऊन आदळतो. यावरचा उपाय फार सुंदर आहे. एक आणि चार यांची जोडी लावायची, दोन आणि तीन यांची दुसरी. जोडीतल्या दोघांच्या वेळेत पूर्ण एका फेऱ्याचं अंतर असतं, त्यामुळे कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. मग त्या दोन नळ्या थोड्या पुढे जाऊन एक होतात. पुष्कळ कंपन्यांचे बिडाचे मॅनिफोल्डही असे जोड्या लावून ओतलेले असतात. भंगारात मॅनिफोल्ड हातात घेतलात तर आत डोकावून एवढं जरूर पाहा. बाहेर पडायला दोन वेगळी भोकं असतील आणि एक-चार, दोन-तीन अशी वाटणी असेल, तर हेडरचं बरंचसं काम त्या तुकड्यात आधीच झालेलं आहे.

डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. ते 4000 फेऱ्यांच्या पलीकडे सहसा जात नाही, ट्रॅक्टरचं तर 2000-2200 मध्येच रमतं. शिवाय डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या झाकणापर्यंत, फार थोडी फट उरते, त्यामुळे दोन्ही वाल्व्ह एकाच वेळी फारसे उघडे ठेवता येत नाहीत. ओढीची लाट ज्या क्षणी कामाची, तो क्षणच तिथे आखूड आहे. टर्बो असेल तर मॅनिफोल्डला टर्बोचं वजनही पेलायचं असतं आणि धुराची उष्णता त्याच्यापर्यंत जपून न्यायची असते. आखूड, जाड बीड हे काम चोख करतं. म्हणून माझं मत सरळ आहे. डिझेल इंजिन बसवत असाल तर हेडरच्या नादी लागू नका. त्या इंजिनाचा मूळ बिडाचा मॅनिफोल्ड हीच स्वस्त आणि उत्तम निवड आहे. वाचलेला पैसा इंजेक्टर आणि क्लचवर घाला.

पेट्रोल इंजिनाला, आणि तेही वरच्या फेऱ्यांवर चालवायचं असेल तर, हेडरचा विचार करायला हरकत नाही. तिथे पहिली अडचण लांबीची नसून दिशेची असते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोटारींत इंजिन आडवं बसतं आणि धुराची वाट रेडिएटरकडे किंवा ड्रायव्हरपुढच्या पत्र्याकडे असते. तेच इंजिन जीपमध्ये किंवा जिप्सीत उभं बसवलं, की ती वाट थेट चासीच्या पट्टीवर जाते. अशा वेळी त्याच घराण्यातल्या, उभ्या बसणाऱ्या इंजिनाचा मॅनिफोल्ड शोधावा. नव्या मॅनिफोल्डचं गॅस्केट आपल्या हेडवर ठेवून पाहायचं. स्टडची आणि धुराची भोकं जुळली तर काम झालं. स्टड जुळले आणि भोकं थोडी खालीवर असतील तर एक लक्षात ठेवावं: नळीचं भोक हेडच्या भोकापेक्षा जरा मोठं चालतं, लहान चालत नाही. धुराच्या वाटेत बाहेरून पायरी आली की तो तिथेच अडखळतो.

मॅटाडोरच्या त्या ओएम 616 इंजिनाचंच उदाहरण घ्या. त्याचा डिझेल पंप डाव्या अंगाला आणि धुराची वाट उजव्या अंगाला. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या जुन्या जीपमध्ये, आणि अशा जीपा आपल्याकडे पुष्कळ होत्या, ही वाट मोकळी मिळते. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर मात्र त्याचा दांडा आणि धुराची नळी एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून इंजिनाचे माउंटिंग पक्के वेल्ड करण्याआधी मॅनिफोल्ड लावून, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं फिरवून पाहायचं. ब्रेकचा पाइप, डिझेलची रबरी नळी आणि वायरिंग यांच्यापासून अंतर ठेवायचं. इंजिन चालू झालं की ते रबरी माउंटिंगवर डोलतं, हेही त्या अंतरात धरायचं.

ज्या बिडाला आपण तव्यापुरतं ओळखतो त्याची करामत इथे पाहावी. बिडाच्या पोटात कार्बनच्या पापड्या असतात, त्या कंप शोषून घेतात, म्हणून बिडाचा मॅनिफोल्ड मुका असतो आणि पातळ पत्र्याची नळी खणखणते. त्याच पापड्यांच्या कडेनं बीड तडकतंही. 1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस या धातुतज्ज्ञानं वितळलेल्या बिडात किंचित मॅग्नेशियम घातलं आणि पापड्यांच्या जागी गोळ्या तयार झाल्या. धातू तोच, पण आता तो वाकायला तयार. आजचे बरेच मॅनिफोल्ड या एसजी आयर्नचे असतात, आणि त्यांच्यासारखं ओतकाम करणाऱ्या फाउंड्र्या कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. मॅनिफोल्डवरच्या खडबडीत अक्षरांत फाउंड्रीची खूण बऱ्याचदा सापडते.

उष्णतेनं धातू वाढतो हे शाळेत शिकलेलं वाक्य इथे मिलिमीटरमध्ये दिसतं. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड 600 अंशांनी तापला तर तीन मिलिमीटरहून जास्त लांबतो. तेवढाच स्टेनलेस स्टीलचा असेल तर पाच मिलिमीटर. आणि तो ज्या हेडला आवळलेला आहे ते हेड पाण्यानं थंड राहतं, शंभर अंशांच्या आसपास. एक भाग वाढू पाहतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. गाडी सुरू-बंद होते तेवढ्या वेळा ही ओढाताण चालते. म्हणून चांगल्या मॅनिफोल्डमध्ये मधलं भोक गोल आणि टोकाची भोकं किंचित लांबट असतात. त्यांना सरकायला जागा हवी असते. नवख्या हातानं बनवलेल्या हेडरचा फ्लॅन्ज, म्हणजे हेडला आवळायचा भाग, अखंड पट्टीचा, भोकं घट्ट, आणि मग वर्षभरात वेल्ड तडकलेले, असं पाहायला मिळतं. दोन सिलिंडरांच्या मध्ये पट्टी कापून सोडली तर हा त्रास बराच कमी होतो.

जुना मॅनिफोल्ड घ्यायला पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे तो पारखायची एक जुनी रीत आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ करायचा. संशयाच्या जागी, विशेषतः दोन नळ्यांच्या बेचक्यात, रॉकेल चोळायचं आणि पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं. मग कोरड्या फडक्यानं बाहेरचं रॉकेल पुरतं पुसून टाकायचं आणि वर खडूची भुकटी पसरायची. धातू धड असेल तर भुकटी पांढरीच राहते. चीर असेल तर तिच्यात दडलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर एक बारीक, काळपट, वाकडी रेघ उमटत जाते. डोळ्याला जी फट दिसत नव्हती ती स्वतःच स्वतःचं चित्र काढते. विमानांच्या सुट्या भागांची जी रंगद्रव्य तपासणी होते, तिच्या मागचं तत्त्व हेच.

त्यानंतर सरळ पट्टी फ्लॅन्जवर उभी धरून फीलर गेज घालायचा. चार-पाच दशांश मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्यायचं. बारामतीच्या एमआयडीसी परिसरात ते काम होतं. चीर बारीक असेल तर बिडाचं वेल्डिंगही होतं, पण घाईनं नाही. आधी सगळा तुकडा तापवायचा, निकेलच्या रॉडनं टाके घालायचे आणि मग राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू द्यायचा. गरम बिडावर पाणी मारलं की ते गेलंच.

काहीच जुळलं नाही तर बनवून घ्यावं, आणि आपला भाग त्यासाठी बरा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांत वाफेच्या नळ्यांचं जाळं असतं. त्या नळ्यांना लागणारे शेड्यूल 40 चे बेंड ही मॅनिफोल्डसाठी जगभर वापरली जाणारी स्वस्त सामग्री आहे. दीड इंची बेंडचा बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर आणि भिंत पावणेचार मिलिमीटरच्या आसपास. जड, पण टिकाऊ. वाफेच्या लाइनवर हात बसलेला वेल्डर मिळाला तर त्यालाच काम द्या. फ्लॅन्ज दहा-बारा मिलिमीटर जाड प्लेटचा कापायचा, जुन्या बाद हेडवर आवळून मगच वेल्ड करायचा, म्हणजे तो वाकत नाही. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: घरात पडलेला पाण्याचा जीआय पाइप वापरू नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेत उकळून धूर होतं आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

इंजिन बदलणं हे कायद्याचंही काम आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली आधी परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद लागते. आपल्याकडे त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही, बारामतीचं स्वतंत्र परिवहन कार्यालय आहे, एमएच 42. नव्या पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डवर ऑक्सिजन सेन्सर आणि त्यापुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर दोन्ही जागच्या जागी ठेवा. सेन्सर काढला की इंजिनाला मिश्रणाचा अंदाज राहत नाही आणि ते इंधन जास्त खातं.

शेवटी एक विनंती. जुनं इंजिन विकत घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्यानं बहुधा मॅनिफोल्ड, स्टड आणि आवरणाचा पत्रा आधीच काढून वेगळे विकलेले असतात. सौदा करताना आधीच सांगा, की इंजिन मॅनिफोल्डसकट हवं. पुढे हेडर शोधण्यात आणि बनवण्यात जो खर्च होतो, त्यातला बहुतेक या एका वाक्यात वाचतो.